मेजर टेलर : एका सायकलपटूची कारकीर्द आणि शर्यतीचे स्वरूप

सायकल-शर्यतींचा इतिहास पाहणाऱ्यास १८९९ या वर्षापाशी दोन घटनांमुळे थांबावे लागते. त्या वर्षीच्या ३० जून रोजी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे चार्ल्स मर्फी या अमेरिकन सायकलस्वाराने धावत्या आगगाडीच्या मागे, रुळांमध्ये घातलेल्या फळ्यांवरून, एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत तोडले. सायकलीवर बसलेल्या माणसाने ताशी साठ मैलांची मर्यादा ओलांडल्याची ती पहिली नोंद होय. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, १० ऑगस्ट रोजी, कॅनडातील माँट्रिऑल येथे जागतिक स्प्रिंट अजिंक्यपदाची एक मैलाची शर्यत मार्शल वॉल्टर टेलर या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने जिंकली. मर्फीचा पराक्रम पाठ्यपुस्तकांतून कुतूहलाचा विषय म्हणून येतो. टेलर यांचे अजिंक्यपद मात्र पुढे अर्धशतकभर विसरल्यासारखे झाले होते. या दोन घटनांतील भेद वरवर पाहता लहान आहे. आमच्या मते टेलर यांची सारी कारकीर्द समजून घेण्याची किल्ली त्या भेदातच आहे. म्हणून चरित्राकडे वळण्यापूर्वी शर्यतीच्या यंत्रणेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे.

सपाट धावपट्टीवर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा हा होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट करावयाचा तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. परंतु पुढे दुसरा स्वार किंवा एखादे यंत्र असेल, तर त्याच्या मागील आडोशात चालणाऱ्यास हा भार पुष्कळच कमी होतो. मर्फीस आगगाडीच्या डब्यामागे मुद्दाम बांधलेल्या आच्छादनाचा आडोसा लाभला होता. तेव्हा पाच-पाच स्वार बसतील अशा लांबलचक सायकली आणि पुढे वाफेवर चालणारी दुचाकी यंत्रेही आडोसा देण्यासाठी वापरीत. स्वतः टेलर यांनीच नोव्हेंबर १८९९ मध्ये शिकागो येथे अशा बाष्पयंत्रामागे एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ७३ किलोमीटर वेगाने, पार केला. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, उभ्या आरंभापासून आणि माणसांनी चालविलेल्या सायकलीच्या आडोशाने, हेच अंतर तोडण्यास त्यांना १ मिनिट ४१ सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागला होता. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ पायांच्या ताकदीचे नाही, हे सांगावयास नको.

आता हाच आडोसा स्प्रिंट शर्यतीत कसा उपयोगी पडतो ते पाहू. स्प्रिंटमध्ये अंतर थोडे असते, आणि आरंभापासून जीव तोडून पळणे हा तेथे मूर्खपणा ठरतो. जो पुढे जातो तो हवा कापतो, आणि मागचा त्याच्या आडोशात शक्ती राखून ठेवतो. शेवटच्या दीड-दोनशे मीटरांत मागच्याने बाहेरच्या बाजूने झेप घ्यावयाची, असा हा डाव आहे. यामुळे पहिल्या फेऱ्या अतिशय संथ जातात. आपल्याकडे कुस्तीत झोंबी लागण्यापूर्वी खडाखडी चालते, तसाच हा प्रकार. धावपट्टीवरील सायकलीस ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. मागचे चाक व पॅडल एकमेकांशी बांधलेले असतात. त्यामुळे कसबी स्वारास पॅडलांवर तोल सांभाळून जागच्या जागी उभे राहता येते, आणि प्रतिस्पर्ध्याला पुढे जाणे भाग पाडता येते.

दोन स्वारांमध्ये हा बुद्धीचा व पायांचा सामना असतो. चार-सहा स्वार एकाच शर्यतीत असले, की त्यात तिसरी गोष्ट शिरते, आणि ती म्हणजे संगनमत. आतल्या कडेने चाललेल्या स्वाराच्या पुढे एक, बाजूस एक आणि मागे एक असे तिघे जुळले, तर तो कितीही वेगवान असो, त्याची कोंडी होते. त्याला ना बाहेर पडता येते ना पुढे. नियमाने अशा संगनमताला बंदी असे. पण पंचाला हेतू दिसत नाही, त्याला फक्त चाके दिसतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की टेलर यांना झालेला विरोध समजून घेताना वर्णद्वेषाची भावना किती तीव्र होती एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या प्रकारच्या शर्यतीत त्या भावनेला हात-पाय फुटत होते, आणि कोणत्या प्रकारात ती लुळी पडत होती, हे पाहिले पाहिजे.

टेलर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे झाला. वडील साउदर्ड नावाच्या श्रीमंत गौरवर्णीय कुटुंबाकडे घोडागाडीवर चाकरीला होते. त्या घरच्या मुलाशी वॉल्टरची मैत्री जमली, आणि काही काळ तो त्यांच्याकडेच राहून शिकला. पहिली सायकल त्याला तेथेच मिळाली. पुढे गावातील एका सायकलच्या दुकानात तो नोकरीस लागला. तेथे त्याचे काम झाडलोट करण्याचे, आणि गिऱ्हाइकांना आकर्षित करण्यासाठी दुकानापुढे सैनिकी गणवेश चढवून सायकलीवरील कसरती दाखविण्याचे होते. त्या गणवेशामुळे लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले आणि ते नाव जन्मभर चिकटले. (हा लष्करी हुद्दा नव्हे. काही कोशांत तशी समजूत झालेली दिसते म्हणून हे लिहिले.)

लुई मंगर हा जुना शर्यतपटू व सायकल-कारखानदार या मुलाच्या पाठीशी उभा राहिला. १८९५ मध्ये मंगर आपला व्यवसाय मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे घेऊन गेला आणि टेलर त्याच्याबरोबर गेले. इंडियानापोलिसच्या धावपट्ट्या त्यांना जवळजवळ बंद झाल्या होत्या. १८९६ मध्ये ते तेथे परत आले आणि अधिकृत शर्यतीबाहेर धावून त्या पट्टीवरील विक्रम मोडला. याचे पारितोषिक म्हणून ती पट्टीच त्यांना बंद करण्यात आली.

येथे एका संघटनेचा उल्लेख आवश्यक आहे. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही अमेरिकेतील सायकलस्वारांची सर्वांत मोठी संस्था होती. १८९४ मध्ये लुईव्हिल येथील अधिवेशनात तिने आपले सभासदत्व केवळ गौरवर्णीयांपुरते मर्यादित केले. पण शर्यतींसाठी लागणारी नोंदणी आणि संस्थेचे सभासदत्व या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि शर्यतीची नोंदणी टेलर यांना मिळाली. म्हणजे जी संस्था त्यांना आपल्या बैठकीत बसू देत नव्हती, तिच्याच परवान्यावर ते तिच्या शर्यती जिंकत होते. याला उदारपणा म्हणावयाचे की व्यवहार, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो. तिकिटे विकली जात होती, एवढे मात्र निश्चित.

डिसेंबर १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेलर व्यावसायिक म्हणून प्रथम उतरले. तेथील अर्ध्या मैलाच्या हँडिकॅप शर्यतीत त्यांनी अमेरिकेचा तत्कालीन अग्रगण्य स्प्रिंटर एडी बॉल्ड याला मागे टाकले. लगोलग ते सहा दिवस अहोरात्र चालणाऱ्या शर्यतीत उतरले. अठरा वर्षांचा स्प्रिंटर अशा शर्यतीत उतरणे म्हणजे धावणाऱ्याने डोंगर चढण्याची पैज मारण्यासारखे होते. तरी त्यांनी १,७३२ मैल अंतर कापून आठवा क्रमांक मिळविला. पुन्हा तशा शर्यतीच्या वाटेला ते गेले नाहीत, हे शहाणपणाचेच झाले.

१८९७ चा हंगाम आमच्या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकन अजिंक्यपद त्या वेळी एका शर्यतीने ठरत नसे. देशभर फिरणाऱ्या शर्यतींच्या मालिकेत गुण मिळवावे लागत, आणि अंतिम फेरीत अनेक स्वार एकत्र धावत. टेलर यांच्या मार्गात यामुळे दोन अडथळे आले. पहिला अर्थातच कोंडीचा. एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले स्वार टेलर आतल्या कडेला दिसले, की आपसूक एक होत. दुसरा अडथळा भूगोलाचा होता. मालिका दक्षिणेकडील राज्यांत गेली, तेव्हा तेथील आयोजकांनी टेलर यांची नावनोंदणीच घेतली नाही. त्यामुळे त्यांना ते गुण मिळण्याची संधीच राहिली नाही, आणि अजिंक्यपदही हातचे गेले. एकाही शर्यतीत न हरता अजिंक्यपद हरण्याची सोय ही पद्धत करून देत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील टाँटन येथे एक शर्यत संपताच बेकर नावाच्या स्वाराने टेलर यांना सायकलीवरून खाली ओढले आणि गळा दाबून बेशुद्ध केले. त्याला पन्नास डॉलर दंड झाला. पुढच्या हिवाळ्यात सरावासाठी टेलर जॉर्जियातील सव्हाना येथे गेले असता, अठ्ठेचाळीस तासांत गाव सोडण्याची धमकी देणारे पत्र त्यांना आले, आणि त्यांनी गाव सोडले.

याउलट घड्याळाविरुद्ध धावण्यात कोणाला कोंडी करता येत नाही. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत टेलर विक्रमांच्या मागे इतके का लागले, याचे उत्तर आम्हाला येथे दिसते. केवळ कीर्तीसाठी म्हणावे तर शर्यतींत पैसा अधिक होता. पण विक्रमाच्या वेळी पट्टीवर ते, पेसर आणि वेळ नोंदणारे, इतकीच मंडळी असत. एक काळ असा होता, की निरनिराळ्या अंतरांचे सात जागतिक विक्रम एकाच वेळी त्यांच्या नावावर होते. आडोशाच्या यंत्राने विक्रमांचे मोल किती वाढते व किती घटते, हा वाद आम्ही वर सूचित केलाच आहे. तो वाद त्या काळीही होता. पण यंत्र सर्वांना सारखेच उपलब्ध होते, आणि त्याच्या मागे सेकंदाला वीस मीटर वेगाने, हातभर अंतरावर चाक धरून राहणे हे कोणा यंत्राचे काम नव्हे.

माँट्रिऑलच्या अजिंक्यपदाविषयी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, कारण टेलर यांचे पुष्कळ स्तुतिपाठक ती वगळतात. १८९८ मध्ये अमेरिकन व्यावसायिक स्वारांत फूट पडली होती. बहुसंख्य नामांकित स्वार लीगमधून फुटून नव्या संघटनेत गेले. टेलरही प्रथम तिकडे गेले. पण ती संघटना रविवारी शर्यती भरवीत असल्याने परत फिरले. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी बाप्टिस्ट पंथाची दीक्षा घेतली होती, आणि रविवारी धावावयाचे नाही असे त्यांचे व्रत होते. परिणामी माँट्रिऑलला फुटीर संघटनेचे अमेरिकन स्वार आलेच नव्हते. तेव्हा हे अजिंक्यपद अपुऱ्या स्पर्धेतील होते, असा आक्षेप घेणाऱ्यांना काही आधार आहे. तथापि तेथे टॉम बटलर होता, फ्रान्सचा कुर्ब दूत्रलाँ होता, आणि टेलर यांनी दोघांनाही काही फुटांच्या अंतराने हरविले. मुष्टियुद्धातील जॉर्ज डिक्सन या कॅनेडियनानंतर, कोणत्याही खेळात जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. शिवाय पुढील वर्षी, लीगने शर्यतींचे नियंत्रण सोडल्यावर, टेलर यांना नव्या संघटनेत दंड भरून परत प्रवेश मिळाला, आणि १९०० चे अमेरिकन अजिंक्यपद त्यांनी त्याच अनुपस्थित मंडळींना पाठी टाकून जिंकले. आक्षेपाला याहून चोख उत्तर मिळणे कठीण.

खरी परीक्षा अजून व्हावयाची होती, कारण स्प्रिंटचे माहेर त्या वेळी पॅरिस होते. फ्रेंच आयोजकांचे बोलावणे पूर्वीच आले होते, परंतु युरोपात मोठ्या शर्यती रविवारी होत. टेलर यांनी त्या मोठ्या रकमांना नकार दिला, आणि शेवटी १९०१ मध्ये आयोजकांनीच रविवारची अट सोडली. एडमाँ जाकलाँ हा त्यांचा मुख्य प्रतिस्पर्धी. हा १९०० चा जगज्जेता, शिवाय त्याच वर्षी फ्रान्सचे अजिंक्यपद आणि ग्राँ प्री द पारी ही दोन्ही जिंकलेला. त्याची शेवटची झेप अत्यंत आकस्मिक असे. पहिला सामना १६ मे रोजी पार्क दे प्रँस या ६६६ मीटरांच्या पट्टीवर झाला, दुसरा २७ मे रोजी. या तारखा पंचांगात पाहिल्या तर एक मौज दिसते. पहिला दिवस ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार होता, दुसरा पेंटेकॉस्टनंतरचा सोमवार. दोन्ही फ्रान्समध्ये सुटीचे दिवस. धर्मासाठी रविवार सोडणाऱ्या खेळाडूसाठी धर्मानेच गर्दीचे दिवस पुरविले.

पहिला सामना थंड हवेत झाला. जाकलाँने दोन्ही फेऱ्या जिंकल्या, आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर टेलर यांच्याकडे पाहून नाकाला अंगठा लावून बोटे नाचविली. अकरा दिवसांनी पुन्हा दोघे उभे राहिले. या वेळी पहिली फेरी टेलर यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीच्या आरंभी त्यांनी हात पुढे करून जाकलाँशी हस्तांदोलन केले. हे सौजन्य असले तरी निरुपयोगी सौजन्य नव्हते. आता आपण शेवटचीच फेरी धावणार असे टेलर यांना वाटते आहे, हे त्यातून प्रतिस्पर्ध्याला न बोलता कळविले गेले. मग फेरीत ते जाकलाँच्याच पद्धतीने जागच्या जागी तोल धरून उभे राहिले, त्याला पुढे जाणे भाग पाडले, आणि त्याच्या आडोशातून निघून जिंकले. नंतर कमरेला खोवलेला छोटा अमेरिकन ध्वज काढून त्यांनी तो फडकावीत पट्टीला फेरी घातली. ज्या देशात त्यांना अनेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती, त्याच देशाचा तो ध्वज होता.

त्या दौऱ्यात त्यांनी जर्मनीचा विली आरेंड, डेन्मार्कचा थोरवाल्ड एलेगार्ड आणि बहुतेक साऱ्या नामांकितांना हरविले. याचे श्रेय युरोपच्या वर्णनिरपेक्षतेला देण्याची प्रथा आहे. आम्हाला ते अर्धसत्य वाटते. फ्रेंच वृत्तपत्रे त्यांना ‘उडता निग्रो’ म्हणत, आणि त्यांच्या शरीराची वर्णने एखाद्या दुर्मीळ प्राण्याची करावी तशी करीत. पण तेथील प्रमुख सामने दोघांत, तीनपैकी दोन फेऱ्यांचे असत. दोघांच्या सामन्यात कोंडी करणारा तिसरा स्वार कोठून आणावयाचा? पॅरिसचे प्रेक्षक बॉस्टनच्या प्रेक्षकांहून अधिक न्यायी होते की नव्हते, हे ठरविणे कठीण आहे. सामन्याचा नियम मात्र निश्चितच अधिक न्यायी होता.

याचा पडताळा ऑस्ट्रेलियात मिळतो. टेलर सिडनीस पोचले, त्याच्या थोड्याच काळ आधी त्या देशाने गौरवर्णीयांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला होता. तरी लोकांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. मार्च १९०२ मध्ये त्यांचा डेझी मॉरिस यांच्याशी विवाह झाला होता. मे १९०४ मध्ये सिडनीतच कन्या झाली, तिचे नाव त्यांनी रीटा सिडनी ठेवले. पण दुसऱ्या दौऱ्यात फ्लॉइड मॅक्फार्लंड व आयव्हर लॉसन हे अमेरिकन स्वार तेथे येऊन ठेपले. हँडिकॅप शर्यतींत अनेक स्वार धावत असल्याने जुनीच युती पुन्हा जमली. मेलबर्न येथे लॉसनशी झालेल्या टकरीत टेलर पडून जखमी झाले आणि लॉसनवर निलंबनाची शिक्षा झाली. देश बदलला, प्रेक्षक अनुकूल होते, तरी शर्यतीचे स्वरूप बदलताच जुने दुखणे परत आले. आमच्या मुद्द्यास याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

घरी परतताना सान फ्रान्सिस्कोत तान्ह्या मुलीसह त्यांना हॉटेलांनी जागा नाकारली. त्यानंतर टेलर जवळजवळ तीन वर्षे धावपट्टीपासून दूर राहिले. १९०७ मध्ये ते फ्रान्सला परत गेले, वजन वाढलेले असतानाही हळूहळू लयीत आले, आणि १९०८ मध्ये पॅरिस येथे उभ्या आरंभापासून पाव मैल व अर्धा मैल यांचे विक्रम केले. पण आता आयोजकांना अट घालण्याइतके त्यांचे बळ उरले नव्हते. शेवटच्या युरोपीय हंगामात त्यांना रविवारचे व्रतही सोडावे लागले. १९१० मध्ये, बत्तीस वर्षांचे होण्याच्या सुमारास, त्यांनी निवृत्ती पत्करली.

पुढील कथा थोडक्यात सांगतो. व्यापारात घातलेला पैसा बुडाला. वुस्टरमधील घर विकावे लागले. हे घर त्यांनी १९०० मध्ये घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी अधिक रक्कम देऊन ते परत घेण्याचा प्रयत्न केला होता. १९२८ मध्ये टेलर यांनी आपले आत्मचरित्र स्वखर्चाने छापले आणि स्वतः दारोदार जाऊन विकले. या ग्रंथाचा उपयोग करताना संशोधकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्रंथाचा बराचसा भाग टेलर यांनी वर्षानुवर्षे जपलेल्या कात्रणवह्यांवर आधारलेला आहे, म्हणून शर्यतींच्या तपशिलात तो एरवीच्या आठवणींहून अधिक विश्वसनीय आहे. पण निर्णयांविषयीच्या तक्रारींत तो एका पक्षकाराचा जबाब आहे, आणि वृत्तपत्रांशी पडताळूनच घेतला पाहिजे. अँड्र्यू रिची यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात असा पडताळा बराचसा घेतला आहे. तरी हरलेल्या शर्यतींचा अभ्यास अजून अपुरा वाटतो. कोणत्या शर्यतीत किती स्वार होते, आणि टेलर कोठे अडकले, याची नोंद वर्षनिहाय केली तर आम्ही येथे मांडलेले अनुमान टिकते की मोडते, ते कळेल.

टेलर यांचे २१ जून १९३२ रोजी शिकागो येथे कुक कौंटी रुग्णालयाच्या धर्मार्थ कक्षात निधन झाले. त्यांना माउंट ग्लेनवुड दफनभूमीत नाव नसलेल्या जागी पुरण्यात आले. १९४८ मध्ये काही जुन्या व्यावसायिक सायकलपटूंनी, कारखानदार फ्रँक श्विन यांच्या पैशातून, त्यांचे अवशेष तेथून काढून त्याच दफनभूमीत चांगल्या जागी पुरले आणि वर नामफलक बसविला. लीगने १८९४ चा सभासदत्वाचा नियम अधिकृतपणे नाकारला तो १९९९ मध्ये.